अब्राहामाचा आणखी एक प्रश्न

रविवार, २ नोव्हेंबर २०१४

केलं. करायला नको होतं, पण केलं!

बाराव्या मजल्यावरच्या सॉलोमन अंकलना वाचून दाखवताना एक ओळ मी मनाची घुसडली. धर्मग्रंथात! म्हणजे मूळ ग्रंथात नाही, तो त्यांना पाठ आहे. खाली बारीक अक्षरात अर्थ सांगणारी जी इंग्लिश टीका असते ना, कधीचे मेलेले लोक अजून एकमेकांशी भांडतायत — त्यात. कंटाळा आलेला. खाली पोरं बास्केटबॉल खेळत होती.

गोष्ट अशी — देव अख्खं शहर जाळायला निघालाय. अब्राहाम घासाघीस करतो. पन्नास चांगले लोक सापडले तर सोडशील? पंचेचाळीस? असं करत दहावर येतो आणि गप्प. घरी जातो. मी गंभीर आवाजात पुढे ठोकून दिलं, "काही जण म्हणतात, वाटेत त्याला आणखी एक प्रश्न आठवला."

अंकल ताठ बसले. "अरे! ही ओळ मी इतकी वर्षं कशी पाहिली नाही?"

हसू दाबताना जीव गेला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हे वाचन म्हणजे माझी शिक्षा. लिफ्टमध्ये नोटीस लावली होती मी — 'बटणं बंद, मजला मोठ्याने सांगा.' अख्खा ब्लॉक, म्हणजे सगळी बिल्डिंग, ओरडत होती! अंकलना आता दिसत नाही, त्यांना कुठल्यातरी आंटीने सांगितलं, तर तेही, "ट्वेल्व! ट्वेल्व!" आणि मग अस्सल मराठीत, "मेल्या, चढ की!" अलिबागकडचे ज्यू इतक्या लांब परदेशात, इथे बिशानला, आमच्याच ब्लॉकमध्ये राहतात, कोणाला माहीत? मला एवढं हसू आलं की तिथेच पकडला गेलो. बाबा म्हणाले, रोज जाऊन वाचून दाखव.

अंकल अजून त्याच ओळीवर. "आठवला, म्हणजे आधी विसरला होता! समोर देव उभा, शहर जळणार, आणि माणूस प्रश्न विसरतो? का रे?"

"घाबरला असेल."

"कशावरून?"

"बाबांनी गणित विचारलं की मी सगळं विसरतो."

टेबलावर हात आपटला! "हा! असं भांडायचं! एकट्याने वाचून काय डोंबल कळतं?"

ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला, आपटलो तेव्हापासून माझ्या बोलण्यावर कोणी टेबल आपटलं नव्हतं. बाबांना फक्त बरोबर उत्तर लागतं. अंकल म्हणतात, उत्तर सापडलं तर उद्या बोलायचं काय?

शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांसमोर ही ओळ मांडणार म्हणाले. 

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

खरं सांगायला गेलो होतो. उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता त्यांनी. नाही सांगितलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

संपलं सगळं.

रिबेका ताईने सांगितलं — अंकलची मुलगी, लांब चोआ चू कांगला असते. अंकल रंगात येऊन बोलत होते. रब्बींनी, त्यांच्या धर्मगुरूंनी, नीटच विचारलं, हे कुठे आहे? मग पुस्तकं उघडली. सगळे शोधतायत. अंकल उभेच! शेवटी म्हणाले, "माझंच डोकं फिरलं असेल."

माझं नावसुद्धा घेतलं नाही. घ्यायचं ना! मी खोटं वाचलं असेन हे त्यांच्या मनातच आलं नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

"आज नको रे." पुस्तक फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकलंय.

"का पण, अंकल?"

"ज्याला स्वतःच्या डोक्याचा भरवसा नाही, त्याने अर्थ सांगत बसू नये."

माणूस खुर्चीत नुसता बसून आहे. भांडत नाही, काही विचारत नाही. बघवत नाही.

रिबेका ताई त्यांना यिशुनच्या होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवणार. "पप्पांचं एकटं राहणं सेफ नाही. परवा गॅस पण चालूच होता." मी म्हटलं, गॅस कोणीही विसरतं, आमची आई पण विसरते. तिने ऐकलं नाही.

तिथे कोण भांडेल त्यांच्याशी?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जेवलो नाही. धाकटी बहीण वल्लरी विचारते, "यू सिक आह?" हो.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगितलं! अंकल आणि ताई, दोघांसमोर. ओळ माझी होती, अंकलचं डोकं ठीक आहे, मला काय करायचं ते करा.

रिबेका ताई ओरडली, "लाज नाही वाटत? म्हाताऱ्या माणसाशी?" नाही काय, खूप वाटते.

अंकल मग असे हसले, खोकलाच लागला! "म्हणजे डोकं तुझं फिरलंय, मेल्या, माझं नाही!" कपाटावरून पुस्तक काढायला लावलं. "ओळ तुझी ना? मग कोणता प्रश्न आठवला त्याला, तूच सांग. उद्या घेऊन ये."

ताईने माझ्यासमोर होमवाल्यांना मेसेज टाकला — नको म्हणून.

सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रश्न घेऊन गेलो. दहा नसतील, एकच चांगला माणूस असेल तर? स्वतः विचार करून काढला होता!

"कसला प्रश्न रे?" अंकल म्हणाले.

"ती ओळ नाही का — वाटेत त्याला आणखी एक प्रश्न आठवला."

ताठ बसले. "अरे! ही ओळ मी इतकी वर्षं कशी पाहिली नाही?"

माझी फिरकी घेतायत वाटलं. मी हसलो. ते नाही हसले. "थांबलास का? वाच पुढे."

वाचलं. पुढचंही मनाचंच.

निघताना गॅस बघितला. चालू होता. बंद केला.

लिफ्टपाशी रिबेका ताईचा फोन. "पप्पा कसे आहेत?"

"एकदम शार्प," म्हटलं.

डायरी, तू तरी कोणाला सांगू नकोस. प्लीज. कोणालाच नको.