मागच्या बाकावरच्या बाई

प्रिय आई,

तुझ्या आणि बाबांच्या पाया पडून लिहायला बसले आहे.

शाळेत इंग्रजी विभाग माझ्याकडे आला, हे तुला कळलंच आहे. काम जमतंय, काळजी करू नकोस. तास वाटून देते, प्रश्नपत्रिका तपासते, इतरांच्या वर्गात बसून सूचना करते. फक्त हल्ली मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की गप्पा थांबतात.

माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या बाई आठवतात ना? त्यांचा तास पाहून मी म्हटलं, "मुलं नुसती उतरवून घेतात, बोलत नाहीत." तेव्हापासून त्या दुसऱ्या टेबलावर बसतात. एकटीने खाताना घास तोंडात फिरत राहतो गं.

काल मीच त्यांच्याकडे गेले. "आता तुम्ही माझ्या तासाला बसा. चुका सांगा."

त्या आल्या, मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर म्हणाल्या, "शिकवता छान. पण फार भरभर बोलता हो. कुणी मध्येच उठून जाईल अशी भीती वाटते का?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. जेवायला मात्र त्या आपल्या टेबलावरच गेल्या.

बाबांचा गुडघा कसा आहे? आणि आई, फोनवर तुझ्याशीही मी अशीच बोलते का?

तुझी,
धाकटी