चमनचा डोळा

कोल्हापूर, १२ मार्च १९७३

सौ. कालिंदीस आशीर्वाद.

मी जित्ता हाय, हातीपायी धड हाय, हे आधी वाच. उजव्या हाताला पट्टी हाय म्हणून अक्षर वाकडं आलंय. आईचा गुडघा कसा हाय? म्हस व्याली का?

मंगळवारी आम्ही मालगाडीच्या डब्यातनं सिमेंट उतरवत हुतो. माझ्या जोडीदाराच्या, चमनच्या, डोक्यावर पोतं फुटलं. दोन्ही डोळं सिमेंटानं भरलं. तो चाचपडत नळाकडं निघाला, तर मुकादमानं त्याला मानगूट धरून मागं ओढलं. "आधी डबा रिकामा कर, मग तोंड धू," म्हणाला.

मी मुकादमाच्या तोंडावर बुक्की हाणली. त्याचा दात पडला तरी थांबलो न्हाय. त्याचं तोंड सांडलेल्या सिमेंटात दाबून धरलं. "आमी रोज ह्येच गिळतोय, तूबी गिळ," म्हणत हुतो. चौघांनी मिळून मला वढून काढलं.

मला कामावरनं काढलंय. पण आता तिथं डोळं धुवायला पाण्याची पिंपं ठेवल्यात, नाकाला बांधायला फडकी दिल्यात. आईला एवढंच वाचून दाखव.

चमनचा एक डोळा गेला. डॉक्टर म्हणालं, "लगीच धुतला असता तर वाचला असता." मी मारत हुतो तेवढा वेळ सगळी माझ्याकडं धावली. चमन तसाच उभा हुता. नळ दहा पावलांवर हुता, कालिंदी.

तुझा,
अंबादास