तापल्या चाकावर पाणी

भाऊजी,

प्रिय वगैरे लिहून नाही राहिली. चाळीस वर्षं एका घरात राहून माझ्या दिराले मी कधी प्रिय म्हणलं नाही, आता मेल्यावर म्हणलं तर तुमीच घाबराल. चिठ्ठीही पहिलीच. चौथी शिकलेली बाई, बाजूच्या खोलीतल्या माणसाले चिठ्ठी कशाले लिहील? आवाज दिला की ऐकू जायचं. आता जात नाही, म्हणून नातीच्या जुन्या वहीतलं पान फाडलं.

सकाळपासून एका जागी बसवून नाही राहिलं. दळणाचे गहू काढले, परत डब्यात भरले, परत काढले. दोन वाजता पोरगा, सुधीर, ड्युटीवरून येईल. त्याच्या आधी मले ठरवायचं आहे.

काय ठरवायचं? तर आज सकाळी त्यानं आपल्या पोरीच्या, पिंकीच्या, हातातून गाडीची किल्ली घेतली. तुमच्याच गाडीची. तुमी गेल्यापासून तीच चालवते, जुनवानीच्या शाळेत शिकवायले जाते. "दर खड्ड्यात घालते तू," सुधीर म्हणे. "बेअरिंग दोन वर्षंही टिकून नाही राहिलं. काकांच्या टायमालेही असंच झालं होतं. अब चाबी मेरे पास रहेगी."

पिंकी फक्त "ठीक आहे, बाबा" म्हणाली. पोळी ताटात तशीच ठेवून ऑटोनं गेली. मी ओट्याजवळ उभी होती. हातात चिमटा होता, तोंडात जीभ होती. चिमटाच चालला.

आता परवाचं ऐका. डोळ्याच्या डॉक्टरकडून मी पिंकीसोबत गाडीत परत येत होती. स्मृति नगर सोडलं आणि खालून घूं घूं सुरू झालं. गाडी जोरात गेली की वाढे, हळू झाली की कमी. मले तो आवाज ओळखीचा. तुमच्या वेळेस दोनदा ऐकला होता. पिंकीनं गाडी घरी न आणता सरळ साहूच्या गॅरेजले घातली.

साहूनं चाक खोललं, बेअरिंग काढलं, फडक्यावर ठेवून मले दाखवलं. म्हणे, "दाई, एमा पानी खुसर गे हे." म्हणजे पाणी घुसलं. आत ग्रीस पाहिजे होतं, तर नासलेल्या ताकासारखं पांढुरकं काहीतरी होतं, आणि गोळ्यांवर गंज. मग त्यानं पिंकीले विचारलं, "मैडम, गाड़ी नाले-वाले में उतारी थी क्या?"

"नहीं भैया."

"तो फिर गरम चक्के पे रोज पानी कौन मारता है?"

पिंकीनं माझ्याकडे पायलं नाही. रस्त्याकडे पायलं. म्हणाली, "पता नहीं."

तिले माहीत नाही? रोज संध्याकाळी फाटकातून गाडी आत यायच्या आधी पाइप घेऊन कोण उभं राहते? आपल्या मरोद्यात स्टील प्लांटची लाल धूळ कशी बसते तुमाले काय सांगायचं. माझ्या घरात बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत येत नाही. मग गाडीले चार पाय आहेत, तिनं कावून तसंच यावं? मी पंप लावून, पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून, एकेका चाकाच्या पार पोटात धार मारायची. जितकी जोरात, तितकं चांगलं असं वाटे. वर धार अजून जोराची व्हावी म्हणून पाइपले पितळेची टोटीही मीच सुधीरकडून आणवली.

साहूनं समजावलं. चाक धावून तापते, आतली हवा फुगते. त्याच्यावर एकदम थंडं पाणी पडलं की ती हवा आखडते आणि बाहेरचं पाणी आत ओढून घेते. मले लगेच समजलं. गरम भाजीच्या डब्याले झाकण लावलं की थंड झाल्यावर कसं घट्ट ओढून बसते, तसंच आहे ते. हे समजायले काही शाळा लागत नाही.

तुमी तर सांगितलंही होतं. चरोदा यार्डात जन्मभर मालगाडीचे डबे तपासले, हाताची उलटी बाजू लावून कोणतं चाक तापलं ते सांगायचे. गाडी आली की आपल्या गाडीलेही तसाच हात लावायचे. मी म्हणायची, "काय भाऊजी, ताप आला का तिले?"

"वहिनी, चाक धावून आलं आहे. त्याले जरा बसू द्या, मग धुवा."

"तुमी धावून आले की आधी बसता का? पाय धुता ना?"

"मी लोखंडाचा नाही."

"डोकं तर आहे."

तुमी हसून आत गेले. मी धार मारली. त्या हसण्याचा आता राग येऊन राहिला आहे. एकदा तरी पाइप हिसकून फेकायचा होता. मी काय तुमाले खाणार होती?

खाल्लंच म्हणा. दुसरं बेअरिंग गेलं तेव्हा सुधीरले मीच म्हणलं, "काकाचं वय झालं. दिसत नाही, खड्डे चुकवत नाही. किल्ली घे." किल्ली सुधीरनं घेतली, पण बोलणं माझं होतं. तुमी शर्टाच्या खिशातून काढून दिली. त्या दिवसापासून दर इतवारी यार्डातल्या दोस्ताकडे, मिश्राजीकडे, चरोद्याले जाणं बंद झालं. मी खूश, घरात वेळेवर जेवता म्हणून.

मग तुमच्या तेरवीले मिश्राजी आले. पंगतीत मले म्हणाले, "भाभीजी, घुटनों ने बिठा दिया उसको. नहीं तो हर इतवार आता था."

तुमचे गुडघे? शेवटच्या महिन्यापर्यंत तुमी छतावर चढून पाण्याची टाकी पाहत होते. मी त्यांच्या पानावर वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेली.

तेव्हा मले वाटलं होतं, गुडघ्याचं कारण सांगून तुमी घराची लाज राखली. आता वाटते, माझी राखली. का तेही नाही? मले काही समजून नाही राहिलं. मोटारसायकलचा आवाज आला. उठते.

पाच वाजले. परत बसली आहे.

सुधीर हात धुऊन जेवायले बसला. मी ताट ठेवता ठेवताच म्हणलं, "बेअरिंग मी घालवलं. पाणी मारून मारून. साहूले विचार."

"हे वालं?"

"तीनही."

त्यानं गणित केलं असेल. "मग काकांची किल्ली..." इतकंच म्हणला. किल्ली काढून ताटाच्या बाजूले ठेवली. जेवण तसंच राहिलं. मीही आग्रह केला नाही.

पिंकी चारले आली. फाटकाजवळच मी किल्ली तिच्या हातात दिली आणि सांगितलं.

"मले माहीत होतं, आजी."

"मग बापासमोर कावून नाही बोलली?"

"तू बोलते का, ते पाहून राहिली होती."

भाऊजी, ती दोन दिवस वाट पाहत होती. तुमीही पाहत होते का? किल्ली दिल्यापासून जाईपर्यंत, रोज ताटावर बसून, वहिनी आज बोलते का म्हणून? मी तर रोज तुमाले भाकर थंडी झाली म्हणून बोलायची, तुमी चुपचाप खायचे. मले वाटे, म्हातारा थंडा पडला.

माफी मागून काय करू? तुमी काही उत्तर देणार नाही, आणि मलेही मागता येत नाही.

एक करते. येत्या इतवारी पिंकी गाडी चालवेल, मी बाजूले बसेन, आणि चरोद्याले मिश्राजीच्या घरी जाऊ. त्यांना मी माझ्या तोंडानं सांगेन की तुमचे गुडघे चांगले होते. किल्ली कोणी घेतली तेही सांगेन. चहा पाजतील की हाकलतील, त्यांची मर्जी. पण सांगितल्याशिवाय परत नाही येणार.

तुमची वहिनी,
सुमन