एकोणऐंशीव्या मिनिटाला

करडी, १४ मे २०२४

चि. कैलाश यास मधुकरकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोनवर तू हो काकाजी, हो काकाजी म्हणून मोकळा होतोस. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे.

तुझ्या मस्कतच्या क्लबची फुटबॉल मॅच आम्ही समाजमंदिरात पडदा लावून पाहिली. ढाका झालं, माले झालं, आता मस्कत. अकरा वर्षांत गावानं तुझ्या बापाला एकच प्रश्न विचारला, पोरानं गोल किती मारले? बचावपटूचं काम गोल अडवायचं असतं, हे सांगून मी थकलो. भैय्यालाल सरपंच म्हणे, मास्तर, नुसती राखण करणाऱ्याले कोणी शेतकरी म्हणते काय?

त्यामुळे एकोणऐंशीव्या मिनिटाला तुझ्या पायाला लागून चेंडू जाळ्यात गेला आणि पडद्यावर तुझं नाव झळकलं, तेव्हा तुझा बाप, आमचा यादोरावदादा, उभाच राहिला. जाळं तुमचंच होतं, हे तिथे बहुधा मला एकट्यालाच कळलं. नावापुढे कंसात ओ.जी. अशी दोन इंग्रजी अक्षरं होती, म्हणजे स्वतःच्याच संघावर गोल. सरपंचांनी ती तिकडची पदवी ठरवून टाकली. दादानं तुमसरला जाऊन पेढे आणले, घरोघर स्वतः वाटले. चौकात तुझा फ्लेक्स लागला आहे. सत्कार तू आल्यावर.

आता खरी गोष्ट. दादाच्या दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिसला नेतो. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की पोराला बोलावून घ्या. तर ये.

लोभ आहेच, तो इथे येऊन घेऊन जा.
तुझा काका, मधुकर

*

मस्कत, २१ मे २०२४

ती. काकाजींना कैलाशचा शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. फोनवर हे सगळं सांगता आलं नसतं, म्हणून मीही लिहूनच कळवतो.

चेंडू डावीकडून आला. गवत ओलं होतं, गोलकीपरनं आवाज दिला नाही. मी पाय घातला. हाच पाय अकरा वर्षं असाच घालत आलो. माझ्या कामात दिवसभर काही घडलं नाही की दिवस चांगला गेला म्हणतात. त्या दिवशी घडलं. त्या एका गोलानं क्लब खालच्या लीगमध्ये गेला आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं माझ्याकडून खोलीची चावी मागून घेतली. सध्या इथेच, ढाक्याला सोबत खेळलेल्या एकाकडे पथारी टाकली आहे.

काकाजी, त्या गोलाचे बाबांनी पेढे वाटले! मी आलो तर ते माझ्या गळ्यात हार घालतील. तो हार घालून घेताना मी त्यांच्याकडे पाहू कसा? तुम्ही आधी त्यांना खरं सांगा. एवढं करा, मी त्याच दिवशी निघतो.

आईला सांभाळा. तुमची माया आटू देऊ नका.
आपला, कैलाश

*

करडी, ८ जून २०२४

चि. कैलाश यास अनेक आशीर्वाद.

तीनदा गेलो सांगायला. तीस वर्षं पोरांना नापास झाल्याचं तोंडावर सांगत आलेला मी मास्तर, तीनदा चहा पिऊन परत आलो. पहिल्यांदा तुझ्या बापानं मलाच समजावलं की असा गोल कसा मारतात. खाटेवर पडल्या पडल्या पाय हलवून दाखवला. दुसऱ्यांदा कोंढ्याचे पाहुणे बसले होते आणि दादा त्यांना तुझी पदवी सांगत होता. तिसऱ्यांदा तो एकटाच होता, तर म्हणाला, मधू, सत्काराच्या दिवशी मी आपल्या पायानं चालत जाईन, तू हात नको धरजो. सुईला शिव्या देणारा माणूस त्या एका सत्कारासाठी निमूट सुई टोचून घेतो आहे. त्याच्याकडून ते मी कुठल्या तोंडानं काढून घेऊ?

तुझ्या आईला, धुरपतावहिनीलाही बजावलं आहे की हा खेळातला मामला आहे, तुम्ही मधे पडू नका, सांगायचं ते मी सांगेन.

तेव्हा आधी तू ये. मग दोघं मिळून सांगू. तुझ्या बापाची तब्येत तुझ्या लाजेसाठी थांबणार नाही, बाळा. सूज आता गुडघ्यापर्यंत आली आहे.

हट्ट तिकडे ठेव, माया घेऊन ये.
मधुकरकाका

*

थिम्फू, २३ जून २०२४

ती. काकाजींना शि. सा. नमस्कार.

रागावू नका. इथल्या एका क्लबनं चाचणीला बोलावलं म्हणून भूतानला आलो आहे. शनिवारी दुपारी शेवटचा चाचणी सामना आहे. जमलं तर करार हातात घेऊन थेट करडीला येतो.

एक सांगू? कॉर्नर मिळाला की हल्ली मी माझी जागा सोडून पुढे पळतो. एक तरी गोल खरोखरचा मारून बाबांपुढे उभं राहावं, म्हणजे त्यांचे पेढे खोटे ठरणार नाहीत. कोच ओरडतो की तुला मागे राहायला आणलं आहे. पण पाय ऐकत नाहीत.

शनिवारपर्यंत बाबांना सांभाळा. नंतर मी आहेच.
आपला, कैलाश

*

करडी, १५ जुलै २०२४

माह्या कैलाशले आईचा आशीर्वाद.

मी सांगून राहिली अन् तुयी बहीण दामिनी लिहून राहिली. तिले म्हटलं, मी बोलतो तसंच लिही, मास्तरासारखं करू नको.

तुया बाप गेला, तू मौतीले पोहचला नाही. तेराव्यालेही आला नाही. दामिनी म्हणे, भूतानातही तुयं जमलं नाही, दादा मागची जागा खाली सोडून पुढं पळत होता म्हणे. धानाचा रोवणा लागला आहे, बांधीत पाणी भरून आहे, अन् मी दाराकडं पाहून राहिली.

आयक. जाळं आपलंच होतं, हे दामिनीनं मले त्याच दिवशी सांगतलं. पोरगी तुया सगळ्या मॅची पाहते, तिले कोणी विचारलं? माहीत असूनही मी मुकाट्यानं पेढा खाल्ला. भाऊजी म्हणे, वहिनी, मधात पडू नका. मी पडली नाही. तू तिकडं अडून बसला, भाऊजी इकडं अडून बसले, अन् दोघंही तुया बापाचीच काळजी करत होते. अडतीस वर्षं त्याच्यासंगं मी राहिली, बापू. मले एक डाव विचारलं असतं.

तो गेला त्या शनिवारी दुपारी त्याचा जीव वरखाली होऊन राहिला होता. सारखं विचारे, पोरगा काहून येत नाही? मंग मीच सांगून टाकलं. म्हटलं, तो गोल उलटा झाला, त्याची नोकरी गेली, तुमच्यापुढं यायले लाजते.

तो माह्याकडं वळला. मंग म्हणे, येवढ्यासाठी? म्हणे, मले गोलातलं काय समजते, पडद्यावर माह्या पोराचं नाव आलं म्हणून मी उठलो. अन् म्हणे, लाव त्याले फोन, आत्ता लाव.

दामिनीनं लावला, मी त्याच्या कानाशी धरला. तुया फोन बंद होता, तू मैदानात असशीन. फोनमधली बाई इंग्रजीत काहीबाही बोलत होती. त्याले वाटलं, तुया तिथलीच कोणी आहे. हात जोडले त्यानं तिले. म्हणे, बाई, माह्या पोराले येवढं सांगजा, म्हणा तुया बाप रागावला नाही, घरी ये.

तिनं काही तुले सांगतलं नसन. म्हणून मी सांगून राहिली.

तुयी आई,
धुरपता