माझा राजीनामा मीच वाचून दाखवला

मु. खैरटोला, कामठ्याजवळ
मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, सन १९३६

राजमान्य राजश्री यादोरावजी यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे केशोरावाचा, वाकून नमस्कार. इकडे धानाची चुरणी-मळणी सुरू आहे, वच्छलेची प्रकृती ठणठणीत आहे आणि माझे दुखणे वैद्याला दाखवण्यासारखे नाही. तुमची छाती कशी आहे? तुमसरच्या राइस मिलमध्ये कारकुनी करता करता कोंडा नाकातोंडात जातो, असे तुम्ही मागे लिहिले होते. त्यावर मला एक उपाय सापडला आहे. तो शेवटी लिहितो.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या शिफारशीने मी टेकचंदजी मालगुजारांकडे लेखनिक म्हणून लागलो. (ही शिफारस तुम्ही प्रेमाने केली होती की माझ्यावर काही राग होता, हे विचारायचे राहूनच गेले.) मालकांना वाचता येते. पण मालगुजाराने स्वतः वाचायचे तर नोकर कशाला, असे त्यांचे मत. म्हणून प्रत्येक कागद मी तीनदा वाचतो. एकदा त्यांनी ऐकावा म्हणून, एकदा त्यांना खरा वाटावा म्हणून आणि एकदा, मध्येच कोणी पाहुणा आला तर, त्याने ऐकावा म्हणून. उत्तर सांगताना ते माझ्याकडे पाहत नाहीत, दौतीकडे पाहतात. सहा वर्षांत त्या दौतीशी त्यांचा चांगला घरोबा झाला आहे. माझी अजून ओळख व्हायची आहे.

हे सगळे मी सोसले. पण गेल्या पंधरवड्यात त्यांनी आपल्या व्याह्यांना पत्र सांगितले, त्यात एक ओळ अशी होती: ‘आमचा लेखनिक मंद आहे, म्हणून उत्तरास उशीर.’ ही ओळ मी लिहिली, यादोरावजी. सुवाच्य लिहिली. मग त्यांनी ती तीनदा वाचून घेतली आणि तिसऱ्या वेळी पाहुणा म्हणून पोलीस पाटील हजर होते.

घरी येऊन वच्छलेला सांगितले की मी नोकरी सोडतो. दुसरी मिळाली का, असे तिने विचारले. मी म्हटले, आधी मान, मग मिळकत. यावर तुमची बहीण काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत देतो, कारण सुधारून लिहिले तर धार जाते. ‘वांदरबी आदी दुसरी फांदी धरते, मंग पयली सोडते. वांदराले समजते ते तुमाले काऊन नाही समजत जी? अन् मान का चुलीवर शिजवू?’ उत्तर मला सुचले होते, पण तोपर्यंत ती गोठ्यात गेली होती. (गोठा रिकामाच आहे. रागावली की ती तिथे जाऊन झाडते.)

तरीही मी राजीनामा लिहिला. एक संपूर्ण पान. आता आमच्या बैठकीची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. आलेला कागद पितळी ताटात ठेवायचा, सकाळी मालकांपुढे मी वाचायचा आणि लिहिणाऱ्याचे नाव अगदी शेवटी सांगायचे. पूर्वी नाव आधी सांगत. एकदा व्याह्यांचे नाव ऐकताच मालकांनी पत्र शेगडीत टाकले आणि नातू झाल्याची बातमी त्यांना दीड महिन्याने कळली. तेव्हापासून नाव शेवटी.

मी राजीनामा ताटात ठेवला आणि रीतीप्रमाणे मीच वाचला. त्यात कोणाचे नाव न घेता लिहिले होते: मालक एक शब्द तीनतीनदा वाचायला लावतो, माणसाकडे पाहत नाही, नोकराची निंदा नोकराच्याच हाताने लिहवून घेतो. मालकांचा अडकित्ता थांबला. दुसऱ्या वाचनाला त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, ‘असाबी मालक राहते का? देव याले पायते, लेका.’ मग दौतीला म्हणाले, ‘हा मानूस हातचा जाऊ देऊ नोको. याले आपल्याइथं बलाव. राहाले कवेलूच्या छपराचं घर देऊ, दुभती म्हैस देऊ. सध्याचा लेखनिक मंदच आहे, त्याले सोमवारी काढून टाकू. पन त्याले आत्ताच सांगू नोको, कामात मन लागनार नाही.’

सांगणार नाही, असे मी वचन दिले.

मग त्यांनी विचारले, ‘नाव का त्याचं?’ आता ‘केशोराव’ म्हटले असते तर नोकरी, म्हैस आणि मान ही तिन्ही एका वेळी गेली असती. त्या घाईत जे नाव तोंडात आले ते मी सांगितले. ते तुमचे होते.

मालकांना फार आनंद झाला. ‘तो तं हुशार मानूस. मिलवाले असेच राहतात. पन मंग त्यानं हा मंद काऊन पाठवला आपल्याइथं?’ याचे उत्तर मी तुमच्यासाठी राखून ठेवले. तुम्ही आलात की तुम्हीच द्या.

कळावे, लोभ आहेच, तो सोमवारनंतरही असावा.

आपला,
केशोराव

ता. क. सोबत तुमच्या नेमणुकीचे पत्र आहे. खाली मालकांची सही आहे, अक्षर माझेच. इथली हवा छातीला उत्तम आहे, कोंड्याचा कण नाही. हाच तो उपाय.

दुसरा ता. क. तुम्ही निघालात की मिलमधली तुमची जागा रिकामी पडेल. तिथे माझी शिफारस करून मगच गाडीत बसावे. ‘मनुष्य मंद नाही’ एवढे स्पष्ट लिहावे. म्हणजे माझ्याही हातात आधी दुसरी फांदी येईल आणि वच्छलेला बोलायला जागा उरणार नाही.

तिसरा ता. क. वरचे वच्छलेला वाचून दाखवले. तिला बोलायला जागा उरली आहे. मालकांनी तुम्हाला देऊ केलेली म्हैस काल बकाराम कोतवालाबरोबर तुमच्या नव्या घरी पोचली आणि हिने जाऊन धार काढली. तुमसरला येत नाही म्हणते. तिचा निरोप: ‘म्हैस जिथं, मी तिथं. घरात नवरा रायला का भाऊ रायला, दोघंबी घरचेच.’ तेव्हा येताना चरवी आणू नये, तिने घेतली आहे.