घंटी समोरून सोडायची

आबा, तुमची मधली लेक लिहून राह्यली. अक्षर ओळखू आलं न्हाई तर चूक तुमचीच, सातवीनंतर मही शाळा तुमीच सोडवली. आता म्हणाल, तीस-बत्तीस वरसात एक चिठ्ठी न्हाई आन् आजच कामून आठवण आली? तर तुमच्या नातीला बढती मिळाली, आन् बढती मिळाल्यावर तिनं दोन दिस मह्या घरी भाकरीला हात लावला न्हाई. दोन्हीचं कारण एकच, म्हून लिहायला बसले.

तुमी गेलात तव्हा ती भिंतीला धरून चालायची. कोकराचा पाय बघावा तसा तुमी तिचा पाय हातात धरून बघितल्ता आन् म्हणल्ते, "टाच भक्कम हाये हिची. ही घरात बसायची न्हाई." मी म्हणले, "मंग आष्टीच्या बाजारात न्यायची का?" तर हसलात. पण टाचेचं तुमचं बराबर निघालं. तुमचे जावई जालन्याला एमआयडीसीत सळईच्या मिलमदी कामाला होते. मिलच्या मागं मोकळं रान होतं, तिथं ही पोराइसंगं फुटबॉल खेळायची. तिथून शाळेची टीम, मंग जिल्ह्याची, आन् मंग पुण्याच्या एका क्लबानं तिला पगारावर ठेवून घेतली. व्हय आबा, बॉलला लाथा मारायचा पगार. मी तुमच्या जावयाला म्हणले, "मी तुमाला जन्मभर बोलणी घातली, मला कोणी पगार दिला का?" ते गेले त्यालाबी नऊ वरसं झाली. भेटले आसतील तुमाला. चहात साखर जास्त मागतील, बिलकुल देऊ नका.

बारा वरसं खेळली ती. गुडघा दोनदा फाडून शिवला, तिसऱ्यांदा डॉक्टर न्हाई म्हणला. मला वाटलं आता पोरगी घरी येती. तर क्लबवाले म्हणले, तुमी टीम सांभाळा. मॅनेजर. कोण खेळंल, कोण बाहेर बसंल, कोणाला ठेवायचं, कोणाला घरी धाडायचं, सगळं हिच्या हातात. पहिल्या दिशी काय झालं ते हिनंच सांगितलं. सवयीनं गेली आन् पोरींच्या खोलीत आपल्या जुन्या जागेवर बसून बूट घालायला लागली. पोरी बोलता बोलता गप झाल्या. एकजण हळूच म्हणली, "ताई, तुमची खोली तिकडं हाये." नाडी आर्धी बांधलेली, तशीच उठून गेली. त्या खोलीत चाकाची खुर्ची हाये म्हणे. मी म्हणले, "बरं झालं, आता बसल्या जागी पळ." ती हसली न्हाई. तव्हाच मला समजाया पाह्यजे होतं.

तिची एक मैतरीण हाये, गोलकीपर. म्हंजी गोलापुढं उभी राहून बॉल अडवणारी. हिंगोलीकडची. अकरा वरसं दोघी एका खोलीत राह्यल्या. तिला आई न्हाई, म्हून दिवाळीला मह्याच घरी येती, मला मावशी म्हणती आन् जाताना कैरीच्या लोणच्याची बरणी उचलती. विचारून न्हाई, उचलतीच. तिचा खांदा आता दोनदा निखळलाय. एकुणीस वरसाची नवी पोरगी आलीय, ती मांजरावाणी उडी घेती. एकच जागा, आन् औंदाच्या टीमची यादी करायची तुमच्या नातीला.

त्यासाठीच दोन दिस घरी आल्ती. भाकर ताटात, डोळे मोबाइलात. मी विचारलं, "काय लिहून राह्यली एवढं?" म्हणली, "काही न्हाई, मेसेज. ज्यांचं नाव यादीत न्हाई त्यांना हापिसातून मेसेज जातो. तिलाबी तसाच जाईल." ती आंघोळीला गेली आन् मव्हा फोन वाजला. तीच, हिंगोलीवाली. "मावशी, एकच वरीस. फक्त एक. मंग मी आपणहून सोडते. तुमी बोललात तर ती ऐकंल." आबा, तिचा आवाज ऐकून मही जीभ उचललीच होती. मला कोणाच्या कामात नाक घालायला केवढं आवडतं, तुमाला काय सांगायचं. पण मला कानफाटी आठवली.

कानफाटी आठवती का? आपल्या मेंढरांची म्होरकी शेळी. ती पुढं, मागं सगळा कळप, तिच्या गळ्यातल्या घंटीच्या आवाजावर. म्हातारी झाली, एका डोळ्यात फूल पडलं, तव्हा तुमी तिची घंटी सोडली. मी बघत होते. तुमी मामाला हात लावू दिला न्हाई. म्हणलात, "ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, आन् समोरून सोडायची. मागून हात घातला की जनावर दचकतं." वंजळभर ज्वारी चारली, मान खाजवली, तिच्या तोंडाकडं बघत वादी सोडली. मंग ती घंटी एका तरण्या शेळीला बांधली. कानफाटी दोन दिस एका जागी उभी. चरंना, पाणी पीना. मी दहा वरसाची. मला बघवंना.

तिसऱ्या दिशी तुमी आष्टीला बाजाराला गेल्ते. मेंढरामागं मी आन् मामा. मामा बाभळीखाली आडवा झाला की मी तरणीची घंटी सोडली आन् कानफाटीला बांधली. मीच, आबा. काय डौलात निघाली म्हणून सांगू! दुधना नदीच्या उताराला तिला बाजूची पायवाट दिसली न्हाई, सरळ गाळात उतरली आन् सगळा कळप तिच्या मागं. मामा धावत आला. ओढून ओढून काढली, तरी तीन कोकरं गेली. त्या गडबडीत मी घंटी परत तरणीच्या गळ्यात घातली. सांजच्याला तुमी विचारलं, "म्होरं कोण होतं?" मामा तर झोपलेला, तो म्हणला, "कोण आसणार, तुमचीच नवी." तुमी मला रागावला न्हाई. मामालाबी न्हाई. एवढंच म्हणलात, "मीच घाई केली." आन् पुढच्या बाजारी ती तरणी शेळी विकून टाकली. तिचा काय गुन्हा होता? मी तोंड उघडलं न्हाई. एरवी कधी बंद नसायचं, त्या दिशी बंद राह्यलं.

तर मी फोनवर म्हणले, "बाई, त्या कामात मी पडत न्हाई." ती म्हणली, "बरं." तेवढंच, आन् फोन ठेवला. पोरगी आंघोळ करून आली. मी तिला कोणाला ठेव, कोणाला काढ, काही म्हणले न्हाई. म्हणले, "मेसेज धाडू नगं. जा आन् समोर बसून सांग." म्हणली, "आई, मला तिच्या तोंडाकडं बघून जमायचं न्हाई." मी म्हणले, "अकरा वरसं तिच्या घोरण्यासकट जमलं ना?" मंग तुमची शेळीची गोष्ट सांगितली. ज्वारी, वादी, समोरून सोडणं, सगळं. गाळाचं सांगितलं न्हाई. ती म्हणली, "आई, ती काय शेळी हाये?" "न्हाई. म्हूनच तर जाऊन सांग." जल्दी जल्दी चार धपाटे फडक्यात बांधून दिले. दोन तिचे, दोन मैतरणीचे.

दुसऱ्या दिशी पुण्याहून फोन आला. "सांगितलं आई. ती पाठ फिरवून बसली. मंग म्हणली, कामून आली तू, मेसेज करायचा ना. आन् मला शिवी दिली."

"कोणती?"

तिनं सांगितली.

"ही तर लहानच हाये. धपाटे खाल्ले का?"

"खाल्ले. चारी."

"मंग ठीक हाये."

पण ठीक नव्हतं. महिना झाला, हिंगोलीवालीचा मला फोन न्हाई. मी दोनदा केला, उचलला न्हाई. दिवाळीच्या आधी मी दर साली तिच्यासाठी मिठाचे शंकरपाळे येगळे काढते. औंदा पीठ मळून बसले आन् इचार केला, काढू का नगं काढू. काढले. डब्यात भरून ठेवले. डबा तसाच राह्यला, ती आली न्हाई.

मंग गेल्या रविवारी पहिली मॅच झाली. दुपारची. शेजारणीच्या पोरीनं मोबाइलवर लावून दिली. तुमची नात पांढऱ्या रेघेच्या बाहेर उभी, हाताची घडी, पण पाय बघा आबा, बॉल जिकडं तिकडं आपोआप हलत होते. गोलात नवी पोरगी. दोन चांगले अडवले तिनं. तिसरा साधा होता, हातात आला आन् सुटला. गोल. तेवढ्या एका गोलानं हरल्या. मॅच संपली न्हाई तोच मव्हा फोन वाजला.

"मावशी, बघितलं का?"

"बघितलं."

"मी आसते तर?"

"तू आसती तर आधीचे दोनबी आत गेले आसते."

मंग फसकन हसली. म्हणली, "मावशी, लोणचं संपलंय." मी म्हणले, "ये मंग. शंकरपाळे मऊ पडलेत, तेबी तुलाच खायाचेत." येत्या रविवारी येती म्हणली.

बुधवारी दुसरी मॅच होती. मला वाटलं आता ती नवी पोरगी बाहेर बसती. तर तुमच्या नातीनं परत तिलाच गोलात उभी केली. तुमी तरणी शेळी विकली, हिनं न्हाई विकली. ह्यात ती तुमच्याहून सरस निघाली बघा. पण म्होरं खरं कोण होतं ते तुमाला माहीत नव्हतं, तो हिशोब मव्हाच हाये.

आई गेल्यावर मी ती घंटी माहेरच्या खुंटीवरून काढून आणली, आता मह्या दाराला हाये. हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? टाकलं तर पोस्टमन मलाच आणून देईल आन् गावभर हसत सांगंल. घडी करून घंटीच्या आतच कोंबून ठेवते. तेवढे दिस वाजायची न्हाई.

आन् एक राह्यलं, आबा. पोरीला सांगितलं न्हाई, हिंगोलीवालीलाबी सांगणार न्हाई. त्या नव्या पोरीच्या हातातून बॉल सुटला ना, तव्हा शेजारणीची पोर हाय हाय करत होती, आन् मला बरं वाटलं. लई न्हाई. थोडंसंच.