उजव्या कानातले प्रश्न

सेवाग्राम
रविवार

प्रिय दादा,

फोन न करता मेल लिहिते आहे, कारण फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला "ठीक आहे, मी बघतो" म्हणतोस आणि माझं पुढचं राहून जातं. सुरुवातीचं थोडं तांत्रिक आहे. कंटाळू नकोस, ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

तू बाबांना दिलेला छोटा प्लेअर आठवतो ना? हिंगणीला आपल्या घरी रेडिओ नुसता खरखरतो, म्हणून जुन्या शेतकऱ्यांच्या मुलाखतींचा तो कार्यक्रम मी इथे डाउनलोड करून त्यात भरत होते. आधी एकही फाईल वाजेना. नाव दिसायचं, आवाज नाही. मला वाटलं प्लेअरच बिघडला. माझ्यासोबत दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात काम करणाऱ्या अंकितानं पाहिलं, तर रेडिओवाल्यांच्या फाईली एम-फोर-ए प्रकारच्या आणि तुझा प्लेअर फक्त एमपीथ्री वाजवणारा. तिनं लॅपटॉपवर सगळ्या बदलून दिल्या. मग मराठी नावांच्या जागी चौकोन दिसू लागले. आकडे टाकले, तर एकनंतर दहा वाजायला लागला. तेही निस्तरलं. शेवटी लॅपटॉपच्या स्पीकरवर एक मुलाखत ऐकली, स्वच्छ ऐकू आली, आणि बाबांना प्लेअर नेऊन दिला. बाबा इयरफोन लावून ओसरीत बसायला लागले. माझं काम झालं असं मी समजले.

शेजारच्या मंदाबाईंचा तुला फोन आला तो यानंतरचा. "नानाजी एकटेच बोलून राह्यले ना बाप्पा, हात हालवून हालवून." तू दोन दिवसांसाठी आलास आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. बाबा समोरच्या रिकाम्या अंगणाला सांगत होते, "नाई, त्या साली पऱ्हाटी नोती लावली, तूर होती," आणि हसत होते. तू फाटकाशी मला म्हणालास, आता यांना एकटं ठेवता येणार नाही, पुण्याला डॉक्टरला दाखवू आणि तिथेच ठेवून घेऊ. मीही हो म्हटलं. आई गेल्यापासून आपल्या दोघांच्या मनात ही भीती होतीच. जेवताना तू त्यांना सांगितलंस, "बाबा, पुढच्या महिन्यात पुण्याला यायचं." ते "बरं" म्हणाले आणि कढी वाढून घेतली.

मागच्या रविवारी मी त्यांच्या कपड्यांची बॅग भरायला गेले होते. ते खाटेवर बसून ऐकत होते. एक इयरफोन उजव्या कानात, दुसरा छातीवर लोंबत. डाव्या कानानं त्यांना कधीपासूनच ऐकू येत नाही, मग तो लावून काय करणार? मी शेजारी बसले आणि तो लोंबणारा माझ्या कानात घातला. कोणी म्हातारे गृहस्थ विहिरीचं काहीतरी सांगत होते. ते थांबले की शांतता. मग पुन्हा तेच गृहस्थ बोलायला लागत. प्रश्न विचारणारं कोणी नाहीच. इकडे ते गृहस्थ बोलायला लागले की बाबाही बोलायला लागत. मी गोंधळून दोन्ही इयरफोन माझ्या कानांत घातले, तेव्हा उलगडा झाला. मुलाखत घेणाऱ्या मुलीचा आवाज उजव्या बाजूला भरलेला, पाहुण्याचा डाव्या. स्पीकरवर दोन्ही मिसळून येतात, म्हणून मला काही खटकलं नव्हतं. बाबांना इतके दिवस फक्त प्रश्न ऐकू येत होते, आणि प्रश्नानंतर लांब रिकामी जागा.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला वाटलं काय, की ती पोरगी तुम्हालाच विचारते?" ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मलाच काही झालंय. म्हणाले, "मी काय येडा हाओ? मले वाटलं, कार्यक्रमच तसा हाये. ऐकनाऱ्यानं आपलं उत्तर द्याचं, म्हनून जागा सोडते. शाळेत पाढे म्हनून घेत ना, तसं." मग मोठ्यानं काऊन बोलता, म्हटलं. "मंग हळू कोनासाठी बोलू? घरात कोन झोपलं हाये?"

दादा, त्या दुपारी मी बॅग तशीच ठेवली आणि त्यांची उत्तरं ऐकत बसले. त्या मुलीनं विचारलं, शेतात पहिल्यांदा पाटाचं पाणी आलं तो दिवस आठवतो का? बाबा म्हणाले, पाणी वरच्या धुऱ्याच्या बांधापर्यंत आलं असं कळल्यावर तुझी आई निंदण टाकून पळाली. कोरड्या पाटात पाणी जसजसं पुढे सरके, तसतशी ती त्याच्यापुढे अनवाणी उलट्या पावलांनी चाले, आणि बाबा तिच्या पाठीमागच्या वाटेतले काटे वेचत. "मी म्हटलं पडशीन, तं मले म्हने, पडली तं पान्यातच पडीन." मला हे माहीत नव्हतं. तुला होतं? आपण त्यांना गोळी घेतली का, जेवलात का, याशिवाय काही विचारतच नाही.

अंकितानं आता दोन्ही बाजू एकत्र करून दिल्या आहेत. परवा नेऊन दिल्या आणि रात्री तिथेच राहिले. बाबांनी पाहुण्यांची उत्तरं लक्ष देऊन ऐकली, एकदोघांचं पटलं नाही, "हा कास्तकार दिसत नाई" म्हणाले. आता ते बोलत नाहीत, गुपचूप ऐकतात. मंदाबाई खूश आहेत. मला मात्र ते बघून बरं वाटलं नाही.

डॉक्टरला दाखवायचं असेल तर जरूर दाखवू, मी इथेच नंबर लावते. पण हे पत्र त्यासाठी नाही. काल निघताना मी त्यांना म्हटलं, पुण्याला जायचं नसेल तर दादाला स्पष्ट सांगा ना. ते म्हणाले, "त्यानं मले पुसलं कुठी? त्यानं सांगतलं, मी बरं म्हटलं. पुसन तं सांगीन." तेव्हा तिकिटाचं काही करण्याआधी तू त्यांना फोन कर आणि विचार, बाबा, तुम्हाला कुठे राहायचं आहे? विचारलंस की थांब. ते लगेच बोलणार नाहीत. तुला वाटेल, फोन कटला. कटलेला नसेल.

तुझीच,
छाया